मधली जागा

गिटारचं व्हॉल्यूम पेडल खरखर करायला लागलं म्हणून आज उघडून बसलो. आत नखाएवढी काळी पट्टी असते. तिच्यावर एक काटा सरकतो आणि पाऊल दाबावं तसा आवाज वाढतो. मोठ्या आवाजाच्या टोकाला पट्टी अगदी कोरी करकरीत होती. झिजली होती ती नेमकी मध्ये.

ऑर्केस्ट्रात आमची गायिका गाता गाता एक हात पाठीमागे नेऊन तळवा खाली दाबते. म्हणजे मी आवाज कमी करायचा. मग माझं पाऊल त्या मधल्या जागी येऊन थांबतं. माणूस कुठं जगला हे त्याच्या वस्तू कुठं झिजल्या त्यावरून कळत असेल, तर माझं सगळं तिथंच गेलं.

मला स्वस्थ बसवेना. नवी पट्टी बसवली, पेडल पार खालपर्यंत दाबलं आणि गिटार छेडली. भिंतीवरचं कॅलेंडर थरथरलं.

"अहो, काय हे!" बायको आतून ओरडली.

"आज असंच!"

ती हात पुसत दारात येऊन उभी राहिली. माझं पाऊल आपोआप वर आलं, मध्यावर.

"का हो, वाजवा ना," ती म्हणाली. "मी ऐकायलाच आले."

घरात कोणीही गात नव्हतं.