घोडीला घातलेलं आंबोण

घोडी रवंथ करत नाही, हे मला वयाच्या एकसष्टाव्या वर्षी कळलं. तेही घोडी आडवी पडल्यावर.

मी ग्रामसेवक होतो. नोकरी बहुतेक सगळी पोलादपूर तालुक्यात, डोंगरातल्या गावांत झाली. ग्रामसेवकाला लोक भाऊसाहेब म्हणतात. निवृत्त झालो तरी ते काही सुटलं नाही. कुणाचा रेडा कुणाच्या नाचणीत शिरला, कुणाच्या शेळीनं कुणाची कलमं खाल्ली, असली भांडणं मी आयुष्यभर ऐकली आणि प्रत्येकाला एकच सांगितलं, “जनावराला हात लावायचा नाही. अर्ज द्या.” लोक अर्ज देत, मी पोच देई, तोवर जनावर पोटभर चरून आपल्या गोठ्यात गेलेलं असे. स्वभावानं मी तापट, आणि त्यात काळजीखोर. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. म्हणजे आधी काहीतरी करून बसायचं आणि मग घाम पुसत बसायचं.

आमचं घर महाडला. नाते गावाच्या पुढे डोंगराच्या पायथ्याला आमचा दीड एकर माळ आहे. तिथं भात होत नाही, पण गवत कमरेएवढं उभं राहतं. ते आम्ही राखतो. पावसाळ्यात बांधावर काठी रोवायची आणि तिच्या टोकाला गवताचा बुचका बांधायचा. आमच्याकडे एवढी खूण पुरते. हे गवत राखलेलं आहे, इथं गुरं सोडायची नाहीत, हे शेंबडं पोरही सांगेल. राखण करतात खालच्या वाडीतल्या एक काकी. वय सत्तरीच्या पुढे, मुलगे मुंबईला कामाला, घरी एक गाय आणि दोन बैल. दिवाळीनंतर गवत कापतात त्याच, आणि नेतातही त्याच. त्यावर त्यांची तीन तोंडं जूनपर्यंत निघतात. मला त्यातली काडीही नको असते. जमीन कुणाच्या तरी उपयोगी पडते, एवढंच.

गेल्याच्या गेल्या वर्षी श्रावणात काकींचा फोन आला. “भाऊसाहेब, माळात घोडे शिरलेत.”

मला वाटलं, म्हातारीची नजर गेली. आमच्या भागात घोडा दिसतो तो वरातीत, नाहीतर रायगडाच्या चित्रात. तरी मोटारसायकलला किक मारली. जाऊन बघतो तर खरंच तीन! एक पांढरीशुभ्र घोडी आणि दोन तांबड्या. गवतात छातीपर्यंत बुडून सावकाश चरत होत्या, जणू आमच्याकडून आमंत्रण होतं. पांढरीच्या शेपटीला अजून लाल गोंड्याचा तुटका दोरा लोंबत होता. म्हणजे वरातीच्या घोड्या. चातुर्मासात लग्नं नाहीत, घोड्यांना काम नाही, मग घरी बांधून खायला कोण घालणार? दिल्या सोडून दुसऱ्याच्या जिवावर. बुचक्याची काठी तर त्यांनी मोडून पायदळी तुडवली होती.

माझं डोकं सणकलं. “काकी, चौथाई माळ संपला. तुमच्या बैलांनी काय खायचं?”

“हाकललं वो मी. डोंगराकडं जातात, परत येतात. जनावराला काय कळतंय.”

मी ग्रामपंचायतीत गेलो. कोंडवाडा आहे का विचारलं. होता. आत नळयोजनेचे पाइप रचलेले होते. पोलादपूरकडे असताना असल्याच एका कोंडवाड्यात पाइप ठेवायला मीच मान डोलावली होती. नवा ग्रामसेवक पोरगेलासा, नम्र. म्हणाला, “भाऊसाहेब, तुम्ही एक अर्ज देऊन ठेवा.”

त्या क्षणी मला आजवरचे सगळे अर्जदार आठवले. एकानंही मला कानफटात कशी मारली नाही, याचं आश्चर्य वाटलं.

महाडच्या एका बँडवाल्याकडून मालकाचा नंबर मिळाला. बिरवाडीला खोली घेऊन राहणारा घाटावरचा माणूस. त्याचं सगळं पोट या तीन घोड्यांवर, त्यातही पांढरीवर; नवरदेवांना पांढरीच लागते, तांबड्या आपल्या पाहुण्यांच्या हौसेला, असं बँडवाला म्हणाला. फोन लागेना. मग मी तेच केलं, जे कुणी करू नये म्हणून जन्मभर सांगत आलो. पांढरी बांधायची ठरवली. मालक आपसूक येईल आणि आल्यावर पंचनाम्यावर सही करेल. पंचनाम्याचा कागद मी घरूनच लिहून आणला होता. सवय, दुसरं काय.

घोडी धरायला काही कष्ट पडले नाहीत. काकींनी टोपलीत ओंजळभर कोंडा घेतला आणि, “ये गो बाय, ये,” म्हणाल्या, तर ती पाठोपाठ चालत आली. शेकडो लग्नांतून फिरलेली ती, माणसाचं भय कुठलं असायला! काकींच्या गोठ्याबाहेर फणसाला तिला बांधली. बाकीच्या दोघी आपणहून येऊन तिच्याजवळ उभ्या राहिल्या.

आणि तिथून माझी काळजी सुरू झाली. आमच्याकडे रीत आहे, परक्याचं जनावर बांधलंत तर त्याचं खाणंपिणं तुमच्या गळ्यात. ते उपाशी राहिलं तर पाप बांधणाऱ्याला. पापाचं सोडा, मला दुसरीच भीती. उद्या मालक आला आणि म्हणाला, माझी घोडी उपाशी मारलीत, तर? लोक काय म्हणतील? गवत वाचवायला भाऊसाहेबांनी मुकं जनावर छळलं!

“काकी, हिला आंबोण घाला,” मी म्हटलं. आंबोण म्हणजे कोंडा, पेंड आणि शिळा भात एकत्र भिजवून केलेलं गाईचं खाणं. दुभत्या गाईला आमच्याकडे यापेक्षा मोठा पाहुणचार नाही.

काकी घुटमळल्या. “भाऊसाहेब, ही गाय नाय. घोड्याला काय घालतात, आपल्याला ठावं नाय. गवत हाय की.”

“गवत तर आपलं वाचवायचंय ना? जनावर ते जनावर. घाला.”

त्यांनी अर्धं घमेलं घातलं. घोडीनं ते पाच मिनिटांत चाटूनपुसून साफ केलं आणि माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, बिचारी किती भुकेली होती! “अजून घाला,” मी म्हटलं. काकी म्हणाल्या, “पुरं आता.” मी म्हटलं, “काकी, मी सांगतोय ना!” आणि मीच उठून दुसरं घमेलं भरलं, काठोकाठ. निघताना बजावलं, सकाळी परत एक द्या. साहेबी आवाजात बजावलं. तो आवाज निवृत्तीच्या दिवशी कचेरीत जमा करून यायला हवा होता.

घरी बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “घोडी पाळायचीच राहिली होती. आता वरात काढा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला काकींचा फोन. आवाज बारीक झालेला. “भाऊसाहेब, घोडी बरी नाय. पाय आपटती, सारखी पोटाकडं बगती.”

मी पोचेपर्यंत ती आडवी पडलेली होती. पांढरं अंग घामानं काळपट दिसत होतं, पोट ढोलासारखं तट्ट. लोळायची, उठायची, पुढच्या खुरानं माती उकरायची, परत पडायची. तोंडातून आवाज नाही. तेच भयंकर होतं. म्हैस असती तर ओरडली असती. गुरांच्या डॉक्टरांना फोन लावला, तर ते दुसऱ्या गावात अडकलेले.

“काय खाल्लं तिनं?” त्यांनी विचारलं.

मी सांगितलं.

“अहो, घोड्याला ओकता येत नाही. रवंथ करून जिरवताही येत नाही. आत गेलं ते आतच फुगतं. आतडं पिळलं तर संपलं. ऐका. तिला आधी उठवा. लोळू देऊ नका, चालवा. मी येईपर्यंत चालवत राहा. आणि आता कृपा करून काही खायला घालू नका!”

उठवायचं कसं? मी दोर ओढला, ढकललं, ओरडलो. शेवटी काकी तिच्या डोक्याशी बसल्या, कानामागे खाजवलं आणि म्हणाल्या, “ऊठ गो बाय. लगनं राहिलीत तुझी. ऊठ.” ती उठली.

मग आम्ही दोघं तिला चालवू लागलो. वाडीतून माळापर्यंत, माळावरून परत. मी पुढे दोर धरून, काकी मागे. बारीक पाऊस, पायाखाली चिखल, आणि दर थोड्या वेळानं तिचे पुढचे गुडघे वाकायचे. वाकले की मी दोर वर ओढायचो. मनात एकच जप, मरू नको, माझ्या हातून मरू नको. गेल्या कित्येक वर्षांत मी देवाकडे इतक्या कळकळीनं काही मागितलं नव्हतं. फोन खिशात वाजला. मालक होता. घाटावर वडिलांना दवाखान्यात ठेवलंय म्हणाला, दोन दिवसांसाठी घोड्या सोडल्या होत्या, गवत पडीक वाटलं. बुचका त्यानं पाहिला होता. त्याच्या मुलखात असल्या खुणेला कुणी विचारत नाही. घोडी आजारी आहे एवढंच मी सांगितलं. तो रडायलाच लागला. “साहेब, निघालोच. तिला पडू देऊ नका.”

डॉक्टर आले तेव्हा दीड वाजला होता. इंजेक्शन दिलं, नाकातून नळी घालून तेल सोडलं, पोटाला कान लावून बसले. “चालवा अजून. लीद टाकली तर वाचली.” दुसरीकडे गाय अडली होती, ते गेले.

आम्ही परत चालू लागलो. काकी अनवाणी होत्या. चप्पल चिखलात कधीच रुतून राहिली होती. “तुम्ही बसा,” मी म्हटलं. “तुमी एकलं वढाल, मागनं कोन हाकंल?” त्या म्हणाल्या. चारच्या सुमारास घोडी थांबली. मला वाटलं, झालं. तिनं शेपटी उचलली आणि भसाभसा लीद टाकली. मी आनंदानं ओरडलो. सरकारी नोकरीत पगारवाढ झाली तेव्हाही इतका ओरडलो नव्हतो. काकी तिथंच बांधावर बसल्या आणि पदरानं डोळे पुसू लागल्या.

तासाभरात मालक आला. तिशीचा, किडकिडीत, पावसानं चिंब. माझ्याकडे न बघता तो घोडीकडे गेला, तिच्या पोटाला गाल लावून उभा राहिला. मग त्यानं लीद काठीनं उकरून पाहिली. त्यात भाताची शितं होती.

तो वळला. डोळे लाल. “हिला कोंडा-भात कुणी घातला?”

माझ्या खिशात पंचनामा होता. विनापरवाना, खाजगी मालकीच्या जागेत, नुकसान, सगळं रीतसर. मी तोंड उघडलं. काय बोलणार होतो, ते आजही प्रामाणिकपणे सांगता येत नाही. मी म्हणालो असतो, मी घातला? का म्हणालो असतो, आधी तुझ्या घोड्या इथं आल्या कशा ते सांग? बहुतेक दुसरंच.

“म्या घातला,” काकी म्हणाल्या. “मला म्हातारीला काय ठावं, चालत नाय ते.”

“अगं म्हातारे, गाय हाय का ती? जीव घेतला असतास माझ्या घोडीचा! माझ्या पोरांच्या तोंडचा घास गेला असता, कळतंय का? अक्कल नसंल तर हात कशाला लावायचा?” बराच वेळ तो बोलत होता. काकी खाली मान घालून उभ्या. चिखलानं भरलेले पाय एकमेकांवर ठेवलेले. आणि मी, जन्मभर दुसऱ्यांना जबाब द्यायला लावणारा माणूस, दोर हातात धरून गप्प.

मग तो वाकला आणि माझ्या पायांना हात लावला. “साहेब, तुम्ही होता म्हणून वाचली.”

घोड्या घेऊन तो गेल्यावर मी काकींना विचारलं, “का सांगितलंत असं?”

“तो तापलेला, तुमी बी तापट. भांडत बसला असता, आन घोडी परत पडली असती,” त्या म्हणाल्या. “मला काय, दोन शब्द बोलला.” आणि बैलांना पाणी दाखवायला निघून गेल्या.

गेल्या वर्षी आषाढात तो माणूस महाडला आमच्या घरी आला. पेढे घेऊन, हात जोडून. श्रावणापुरता माळाचा वरचा तुकडा मिळेल का, या वेळी विचारून सोडतो. मी म्हटलं, गवत काकींचं आहे, त्यांना विचार. आम्ही दोघं वाडीत गेलो. काकींनी हद्द दाखवली, वर दोन बुचके बांधायला लावले, आणि हो म्हणाल्या. पांढरी घोडी त्यांच्या खांद्याला नाक घासत होती.

निघताना तो मिश्कीलपणे माझ्याकडे वळला. “साहेब, तेवढं आजीवर लक्ष ठेवा. परत घोडीला आंबोण घालंल!”

काकी तोंडाला पदर लावून हसल्या. मीही हसलो.