चहाचा ताप

आमच्या बदलापुरात थंडी पडली की माणसं आनंदाने खुळी होतात. वर्षाचे दहा महिने घामाने चिकचिकलेली ही जनता डिसेंबरात कानटोप्या चढवते आणि गच्चीवर जाऊन धुक्याचे फोटो काढते. बिल्डिंगच्या ग्रुपवर रोज सकाळी कोणीतरी पारा किती उतरला ते टाकतं. बारवी धरणाच्या बाजूचे लोक त्यात आणखी दोन अंश कमी करून सांगतात, तो त्यांचा मान. मुंबईतल्या नातेवाइकांना मुद्दाम फोन करून "तुमच्याकडे पंखे लागतात का हो अजून?" असं विचारण्याची इथे पद्धत आहे. अशा गावात थंडीत उदास होणं म्हणजे फितुरीच.

मी ही फितुरी पंचेचाळीस वर्षं केली आणि कोणाला पत्ता लागू दिला नाही. याचं श्रेय एका शब्दाला आहे. तो शब्द म्हणजे 'कणकण'.

तेव्हा आम्ही उल्हासनगरला, कॅम्प नंबर चारमध्ये राहायचो. जुन्या बराकीतल्या दोन खोल्या, घरात सासूबाई, नवरा आणि मी. नवरा अंबरनाथच्या एका कारखान्यात पॅकिंगच्या खात्यात होता. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी दिवाळीचा कंदील उतरवला आणि त्याच्याबरोबर माझ्यातलंही काहीतरी उतरलं. सकाळी डोळे उघडायचे, पण उठावंसं वाटायचं नाही. भाजी चिरायला घेतली की अर्ध्यावर विळीसमोर नुसतीच बसून राहायची. रडू यायचं, आणि तेही धड येत नव्हतं. संक्रांत झाली की हे सगळं आपोआप निवळायचं, आणि मी पुन्हा वाड्यावस्त्या जिंकायला मोकळी.

आता अडचण अशी होती की उदास व्हायला त्या काळी कारण लागायचं. सासू छळते, नवरा पितो, पाळणा हलत नाही, असं काहीतरी. माझ्याकडे यातलं काहीच नव्हतं. सासूबाई मला दुसरी पोळी तूप लावून वाढायच्या. नवरा प्यायचा तो फक्त चहा. दोन वर्षांत पाळण्याची घाईही कोणी करत नव्हतं. मी एक-दोनदा मनातल्या मनात सासूबाईंवर छळाचा आरोप करून पाहिला, पण पुराव्याअभावी तो मलाच मागे घ्यावा लागला.

तापाला मात्र कारण लागत नाही. म्हणून एका सकाळी मी पांघरुणातूनच म्हटलं, "अंगात कणकण आहे." कणकण म्हणजे ताप नव्हे, तापाची अफवा. ती खरी की खोटी कोणाला ठरवता येत नाही. सासूबाईंनी लगेच कपाळाला हात लावला, "आहे गं बाई, बारीक आहे," म्हणाल्या आणि आल्याचा काढा टाकला. मला वाटलं, काय हुशार आहे मी! त्या वयात स्वतःला हुशार समजायला मला फारसं काही लागत नसे.

फसली नाही ती एकच बाई. आमच्या शेजारी एक सिंधी काकी पापडाचा धंदा करायची. थंडीत तिचे पापड अंगणभर खाटांवर वाळत पडलेले असायचे. तिनेही येऊन माझ्या कपाळाला हात लावला आणि म्हणाली, "बुखार-वुखार कुछ नहीं है तेरे को. मन ठंडा पड़ गया है. चल, बाहर आके पापड़ पलट." आणि हाताला धरून मला उन्हात बसवलं. मी चार दिवस तिचे पापड पलटले. पाठीवर ऊन, हाताला काम, आणि काकीची अखंड बडबड. चौथ्या दिवशी मी भाजी पूर्ण चिरली.

यातून कोणी शहाणी बाई काय समजली असती? मी समजले की ही बया माझ्याकडून फुकटात पापड पलटून घेतेय. मी सासूबाईंकडे तक्रार केली की मला तापात उन्हात राबवतात. सासूबाईंनी पदर खोचला, काकीला काय ते ऐकवलं आणि मला आत आणून गोधडीत घातलं. पाचव्या दिवसापासून पुन्हा अर्धीच भाजी.

मग आलं थर्मामीटर. नवऱ्याने कुठूनसं आणलं, कारण रोजची अफवा ऐकून त्याला बातमी हवी होती. सासूबाईंनी ते माझ्या काखेत खुपसलं आणि त्या देवपूजेला गेल्या. मी काढून पाहिलं, तर ताप औषधालासुद्धा नाही. आता आपण उघडे पडणार या भीतीने मी ते उशाशी ठेवलेल्या चहाच्या पेल्यात बुडवलं. किती वेळ बुडवायचं याचा अंदाज नव्हता. सासूबाईंना आकडे वाचता येत नसत, म्हणून त्यांनी ते न झटकता फडक्यात गुंडाळून देवघरात ठेवलं. संध्याकाळी नवऱ्याने उजेडात धरून वाचलं. एकशे सात.

तो माणूस चप्पल न घालता डॉक्टरांकडे धावला. डॉक्टर येईपर्यंत स्वस्थ बसवेना, म्हणून परत येऊन त्याने कारखान्यातून आणलेला पॅकिंगचा जाड तपकिरी कागद काढला आणि खोलीच्या एकुलत्या एका खिडकीला फटीसकट चिकटवून टाकला, गार वारा नको म्हणून. डॉक्टरांनी येऊन पुन्हा थर्मामीटर लावलं, तर ताप नाही. "उतरला," ते म्हणाले.

नवऱ्याने खिडकीकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर जो अभिमान पसरला तो मी जन्मात विसरणार नाही. एकशे सात ताप त्याने कागदाने उतरवला होता.

त्यानंतर दर वर्षी दिवाळी झाली की आमची खिडकी पॅक व्हायची. उल्हासनगर सुटलं, बदलापूरला सोनिवलीच्या बाजूला फ्लॅट घेतला, तरी खिडक्या पॅक. कणकण म्हणायला सुरुवात मी केली होती, मग कागद नको कोणत्या तोंडाने म्हणणार? अंधारात पडून राहायची आणि आणखी उदास व्हायची. तो आणखी एक पट्टी लावायचा.

हे सगळं माझ्याबरोबरच गेलं असतं, पण गेल्या डिसेंबरात सुनेच्या खोलीतून आवाज आला, "आई, मला अंगात कणकण आहे."

आमची सून एका कंपनीत हिशेबतपासणीचं काम करते, बरेचसे दिवस घरूनच. गरोदरपणात एक नोकरी सुटली होती. ही तिने नात तीन वर्षांची असताना, रात्रंदिवस अभ्यास करून मिळवलेली. तिच्या कंपनीतली बडबड ती स्वयंपाकघरात उभी राहून आम्हाला ऐकवते, साहेबांची नक्कलही करते. तर ही मुलगी आता दुपारपर्यंत उठेना. महिन्यात तिसऱ्यांदा कणकण. मुलाने ऑनलाइन मागवलेले जाड पडदे लावून टाकले, ज्यातून दुपारी बारालाही रात्र होते. बाप तसा लेक.

आमची सहा वर्षांची नात हल्ली त्या बंदुकीसारख्या थर्मामीटरने सगळ्यांचा ताप घेत फिरते. फ्रीजचाही घेते. ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आजी, आईला ताप नाहीच आहे. मी सात वेळा बघितलं. पण ती म्हणते आहे."

हे नाटक मी लिहिलं होतं आणि सगळ्या भूमिका मला पाठ होत्या.

शनिवारी मुलगा मला स्वयंपाकघरात गाठून हळूच म्हणाला की ती राजीनामा देतेय. मेल लिहून ठेवलाय, सोमवारी पाठवणार. तब्येत साथ देत नाही म्हणते. त्याचंही म्हणणं पडलं, देऊ दे, आराम मिळेल. मी म्हटलं, कसला आराम? तो म्हणाला, आई, तुला नाही का थंडी बाधायची, तूही पडूनच असायचीस. यावर माझ्याकडे उत्तर होतं, पण ते द्यायचं तर पंचेचाळीस वर्षांचं खोटं ताटात वाढावं लागणार होतं, आणि समोर नवरा बसलेला असणार.

त्या रात्री मी दहा वेळा कूस बदलली. रविवारी जेवणं झाल्यावर गेले सुनेच्या खोलीत आणि पडदा ओढला. खसकन ऊन आत आलं. मुलगा मागून आला, "आई, अगं तिला बरं नाहीये." त्याच्या मागून नवरा. त्याने नेहमीप्रमाणे सुरुवात केली की उल्हासनगरला तुझ्या आईला एकशे सात ताप होता, आणि मी खिडकी...

"मला कधीच ताप नव्हता," मी म्हणाले.

"एकशे सात होता. मी स्वतः वाचला."

"तो चहाचा होता."

मग मीच सगळं सांगितलं. पेला सांगितला, पापड सांगितले, कागदाच्या आत मी काय करत पडायची ते सांगितलं. सांगताना मी सुनेकडेच बघत होते, कारण नवऱ्याकडे बघायची हिंमत नव्हती. पांघरूण गदगदायला लागलं. मला वाटलं रडतेय. पांघरूण खाली झालं तर ती हसत होती, "चहाचा... आई, चहाचा!" असं म्हणत. आणि हसता हसता मग खरंच रडली.

"मला पण ताप नाहीये," ती म्हणाली. "मला काहीच करावंसं वाटत नाही. सकाळी ब्रश करायचा पण कंटाळा येतो. कारण काहीच नाही हो आई. तुम्ही सगळे चांगले आहात. मग सांगणार काय? वाटलं, जॉब सोडला की निदान लॉग-इन तरी करावं लागणार नाही."

"मलाही भाजी चिरवायची नाही," मी म्हटलं. "मला राजीनामा द्यायला कोणी नव्हतं म्हणून मी टिकले."

मुलगा बिचारा पडद्याचा दांडा धरून उभा होता. त्याला म्हटलं, काढ तो. त्याने काढला.

नवरा मात्र बाहेर जाऊन सोफ्यावर बसला. चहा दिला तर कपाकडे संशयाने पाहिलं. मग कप खाली ठेवून म्हणाला, "मग काय व्हायचं तुला?"

"उदास वाटायचं."

"कशाने?"

"कशानेच नाही. म्हणून तर ताप सांगितला."

"मला सांगायचंस."

"सांगितलं असतं तर काय केलं असतंत?"

त्याने प्रामाणिकपणे विचार केला. या माणसाचं हेच मला लग्नापासून आवडतं. मग म्हणाला, "कागदच लावला असता."

सोमवारी राजीनाम्याचा मेल गेला नाही. त्याऐवजी सुनेने आठ दिवसांच्या रजेचा लिहायला घेतला. कारणाच्या जागी तिने आधी 'व्हायरल' लिहिलं, माझ्याकडे पाहिलं, खोडलं, आणि मन ठीक नाही, डॉक्टरांकडे जाते आहे, असं लिहून पाठवून दिलं. पाठवल्यावर दोन मिनिटं आम्ही दोघी फोनकडे असं बघत होतो की जणू त्यातून पोलीस येणार आहेत. साहेबांचं उत्तर आलं, काळजी घ्या, काम आपण वाटून घेऊ. ज्या साहेबांची ती नक्कल करते तेच हे.

मंगळवारी आम्ही दोघी अंबरनाथला मनाच्या डॉक्टरांकडे गेलो. मुलगा सोडायला येतो म्हणाला होता, त्याला नातीजवळ ठेवलं. डॉक्टर तरुण होते, मुलगीच म्हणा ना. तिने सगळं नीट ऐकून घेतलं. काही जणांना दिवस लहान झाले की असं होतं, ती म्हणाली, आणि ते नाटक नसतं, आळसही नसतो. रोज सकाळच्या उजेडात बाहेर पडायचं, एका ठरावीक वेळेला उठायचं, दर आठवड्याला बोलायला यायचं, आणि गोळ्या लागतील की नाही ते पुढच्या वेळी ठरवू. नोकरी सोडायची की नाही असले मोठे निर्णय इतक्यात घ्यायचे नाहीत. सून मान हलवत होती. तिच्या खांद्यावरून काहीतरी उतरल्यासारखं मला दिसत होतं. थोडंच, पण उतरलं होतं.

मी भिंतीवरचा तक्ता वाचत, आपला काही संबंध नाही अशी बसले होते.

"असं घरात आणखी कोणाला होतं का?" डॉक्टरने विचारलं.

सुनेने माझ्याकडे बोट केलं.

डॉक्टर माझ्याकडे वळली. "कधीपासून, आजी?"

पंचेचाळीस वर्षांत हा प्रश्न मला कोणीच विचारला नव्हता. तक्त्यावरची नजर काढून मी म्हणाले, "लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून. पण नवऱ्याचा त्यात दोष नाही, असं लिहा."

ती हसली आणि म्हणाली, दोघींचं एकत्रच लिहून घेऊ का आज?

"नको नको," सून घाईने म्हणाली, "यांचा केसपेपर वेगळा काढा. एकच असला तर माझं सगळं याच सांगून टाकतील, आणि वर वाढवून सांगतील."

मग वेगळा काढला.