कादरची सेल काढायची सवय

कादर खोटं बोलत नाही. हा गुण नाही, धंद्यातला रोग आहे, असं मी त्याला तोंडावर सांगत आले आहे. कुरुळी फाट्यावर माझं पिको-फॉलचं दुकान आणि शेजारी त्याचं जुन्या कॉम्प्युटरचं, मध्ये नुसता एक पत्रा. शिलाई थांबवली की त्याचं गिऱ्हाइकाशी चाललेलं बोलणं मला सगळं ऐकू येतं. विकायच्या मालाची खोड आधी सांगणार, गुण मागाहून. अशानं कुणाचं भलं झालंय? कादर अजून भाड्याच्या खोलीत राहतो, आणि त्याची बायको साबिया हुक लावायला माझ्याकडून ब्लाउज नेते.

महाळुंग्याच्या, चाकणच्या कंपन्या ऑफिसातले जुने कॉम्प्युटर लॉटने भंगारात काढतात. त्यातून निवडून आणायचे, दुरुस्त करायचे आणि आयटीआयच्या, डिप्लोमाच्या पोरांना विकायचे, हा त्याचा व्यवसाय. कंपनीच्या मशीनवर कंपनीचा पासवर्ड असतो. म्हणून मशीन टेबलावर आलं की कादर आधी आतला नाण्याएवढा सेल काढतो, थोडा वेळ बाजूला ठेवतो आणि परत बसवतो. त्यानं बहुतेक मशीनवरचा पासवर्ड आणि जुनी सेटिंग पुसली जातात. सेल काढताना तो लहान पोराला समजावल्यासारखं म्हणतो, “पहिला मालक विसर, बाबा.” मशीन कुणाचंही असो, कामाची सुरुवात अशीच.

गोजाबाईंची मुलगी तनुजा रिक्षात घालून एक कॉम्प्युटर घेऊन आली, तेव्हाही त्यानं तेच केलं. मी पत्र्याच्या अलीकडून ऐकलं.

गोजाबाई कुरुळीतल्या जुन्या घरातल्या. कॉम्प्युटर त्यांच्या मुलाचा, रणजीतचा. रणजीत कंपनीत रात्रपाळी करायचा आणि सकाळी घरी आला की झोपायच्या आधी मशीनवर बसून डिझाइनचं शिकायचा. एका सकाळी कंपनीची बस चुकली म्हणून तो कुणाच्या तरी मोटरसायकलवर मागे बसला आणि तळेगाव रस्त्यावर ट्रेलरखाली गेला. त्याला आता दोन वर्षं होतील. तनुजा त्याच्याच वाटेनं मेकॅनिकल डिप्लोमा करते आहे.

“कादरभाई, हा आता जुना झाला ना? कामाचा नाही ना राहिला?” ती विचारत होती. “तुमच्याकडचा तो दुसरा देता का मला? हा घेऊन टाका बदल्यात.”

रणजीतच्या मशीनमध्ये सेकंड जनरेशनचा आय-सेव्हन प्रोसेसर होता. कादरच्या दुकानात होता तो सिक्स्थ जनरेशनचा आय-फाइव्ह, कंपनीतून नुकताच आलेला. दुसरा कुणी असता तर हो म्हणून मोकळा झाला असता. कादर म्हणाला, “दोन्ही चालवून बघू. उगाच कशाला बदलायचं?”

मी शिलाई सोडून त्याच्या दारात जाऊन उभी राहिले. त्यानं दोन्ही मशीन शेजारी शेजारी मांडली. रणजीतचे फोटो होते म्हणून त्याच्या डिस्कला हातसुद्धा लावला नाही. तपासायला स्वतःची एसएसडी, म्हणजे नवी वेगवान डिस्क, घातली, तीच एकातून काढून दुसऱ्यात. तनुजाचं गिअरबॉक्सचं ड्रॉइंग दोन्हीकडे उघडलं. उघडायला आय-फाइव्ह चटपटीत निघाला. पण त्याच ड्रॉइंगचं छायाप्रकाशासकट मोठं चित्र काढायला लावलं, तेव्हा जुना आय-सेव्हन आधी मोकळा झाला. कादरनं तिला समजावलं, “दोघांकडंही चारच कामगार आहेत, ताई. आय-फाइव्हचे तरुण, चपळ. आय-सेव्हनचे म्हातारे, पण त्यांच्यातला प्रत्येक जण दोन कामं हातात घेतो. वीज थोडी जास्त खाईल, गरम होईल. पण माझ्या मशीनला पैसे घालण्यापेक्षा ह्यातच एक एसएसडी टाका, तुमचा कोर्स आरामात निघेल. भावानं चांगली वस्तू घेतली होती.”

मी मनात म्हटलं, घ्या, आणखी एक गिऱ्हाईक परत पाठवलं. तनुजा मात्र खूश दिसेना. बराच वेळ ती दोन्ही पडद्यांकडे बघत उभी राहिली, जणू आकडे तिच्यासाठी बदलतील. मग एसएसडी बसवून घेतली आणि भावाचं मशीन घरी घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी मी शटर वर करतेय तोवर ती आलीच. स्टुलावर बसली आणि सांगायला लागली.

रणजीत गेल्यापासून, रोज सकाळी कंपनीची बस फाट्यावर यायच्या वेळेला, त्याच्या खोलीतलं मशीन आपोआप चालू व्हायचं. टुक असा एक आवाज, मग पंख्याची घरघर. आणि गोजाबाई उठून चहा टाकायच्या, कप त्या टेबलावर नेऊन ठेवायच्या आणि समोर बसून राहायच्या. चहावर साय धरली की कप उचलून मोरीत ओतायच्या. एकदा तनुजानं भिंतीवरचं बटण बंद करून ठेवलं, तर त्यांनी ते परत चालू केलं आणि दिवसभर जेवल्या नाहीत. घर बाधलंय म्हणतील म्हणून तनुजा कुणापाशी बोलली नव्हती. त्या आवाजाआधीच तिला जाग यायची आणि ती पांघरुणात श्वास धरून पडायची. दुरुस्तीला नेते असं आईला सांगून तिनं ते आणलं होतं; मशीन निकामी आहे असं कादरनं एकदा म्हटलं असतं, तर ते घराबाहेर काढता आलं असतं.

“आज ते चालू झालंच नाही,” ती म्हणाली. “मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, साधनाताई. आई कप घेऊन उभी आहे. मला विचारते, आज बस चुकली का गं त्याची?”

कादर पत्र्याआडून सगळं ऐकत होता. बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. “ठरल्या वेळेला मशीन आपोआप चालू व्हावं असं सेटिंग असतं. रणजीतनं लावलं असणार, घरी आल्यावर तयार मिळावं म्हणून. तो असताना कुणाच्या लक्षात आलं नसेल. मी सेल काढला, त्यात पुसलं गेलं.”

“मग परत लाव की,” मी म्हटलं.

“लावतो. मिनिटाचं काम आहे.”

एकटा जायला तो धजेना, म्हणून मीही गेले. गोजाबाई खोलीत टेबलापाशी बसल्या होत्या, कप समोर. कादरनं मशीन चालू केलं, सेटिंगचा निळा पडदा आणला आणि तनुजाला वेळ विचारली. तिनं खालमानेनं सांगितली.

“काय झालं व्हतं रं त्याला?” गोजाबाईंनी विचारलं.

बिघडलं होतं, नीट केलं, एवढंच बोलायचं होतं. मी कादरकडे डोळे वटारून बघत होते. आयुष्यात एकदा खोटं बोल, बाबा. पण त्यानं सगळं सांगितलं. सेटिंग काय असतं, ते रणजीतनं कशाला लावलं असेल, आपल्या हातनं ते कसं पुसलं गेलं.

गोजाबाईंनी नीट ऐकून घेतलं. “म्हंजी त्यानंच लावून ठेवलं व्हतं? त्याच्या हातानं?”

“हो, मावशी. आता मी परत लावतो, अगदी तसंच.”

“तसंच कसं व्हईल? ते तू लावल्यालं व्हईल. ऱ्हाऊ दे.”

कादरनं कीबोर्डवरचे हात काढून घेतले. गोजाबाईंनी कप त्याच्याकडे सरकवला. “घे, बाबा. गार व्हतोय.”

नाही म्हणायची सोय नव्हती. कादर तो चहा प्यायला, प्रत्येक घोटाला थांबत, आणि कप खाली ठेवला. गोजाबाईंनी तो उचलला आणि आत बघत राहिल्या. तळाला नुसती पत्ती होती.

“तने,” त्या म्हणाल्या, “रणजीत गेला गं.”

आणि त्या रडायला लागल्या. तनुजा जाऊन त्यांच्या कुशीत शिरली. कादर खुर्चीतच बसून होता, उठावं की थांबावं हे त्याला कळत नव्हतं.