शेवटच्या नंबरचं कार्ड

धोंडूतात्यांच्या हातात कुणी लग्नाची पत्रिका ठेवली की ते आधी ती उलटी करून बघत. पाठ कोरी असली की त्यांचा चेहरा खुलायचा. "झ्याक हाय. हिच्यावर एक बाई बसंल," असं ते माझ्यासमोर म्हणाले तेव्हा मला महाडात येऊन जेमतेम आठवडा झाला होता. पुण्याहून शाळेत नव्यानं रुजू झालेली मी मास्तरीण, तात्यांच्या घरातली पुढची खोली भाड्यानं घेतलेली. घरमालक असलं काही बोलतो म्हटल्यावर त्या दिवशी मी दाराला आतून कडी घातली.

उलगडा दुसऱ्या दिवशी तात्यांच्या बायकोनं, काकींनी केला. तात्या मूळचे पोलादपूरच्या वरच्या अंगाला असलेल्या एका वाडीतले. पंचवीस वर्षं बोटीवर नोकरी करून परतले ते एक रेडिओ घेऊन. त्यावर संध्याकाळी एक परदेशी स्टेशन लागे. युरोपातल्या देशादेशांच्या गायकांची वर्षातून एकदा स्पर्धा होई, आणि तिच्यातली गाणी ते स्टेशन पुढं काही दिवस वाजवी. त्या स्पर्धेत गायलेल्या प्रत्येकाची नोंद ठेवायची असं तात्यांनी मनावर घेतलं होतं. एका पत्रिकेच्या पाठीवर एक गायक. नाव, वडिलांचं नाव, गाव, गाणं, कितवा नंबर. डेन्मार्कच्या मागं तुडीलचं लग्न, हॉलंडच्या मागं बिरवाडीची मुंज. सगळी कार्डं देशवार लावून चहाच्या खोक्यात ठेवलेली. "ह्यांच्या एवढ्या बाया हायत परदेशात," काकी म्हणाल्या, "पन येकीनं कंदी माजी भांडी घासली नाय."

परदेशी माणसाचं मधलं नाव तात्या सरळ वडिलांचं म्हणून लिहीत. एकीच्या वडिलांच्या जागी 'मारिया' बघून मला हसू आवरेना. म्हटलं, तात्या, हे बाईचं नाव आहे. त्यांनी कार्ड पुन्हा वाचलं. "मंग आईचं आसंल. बाप लवकर वारला आसंल बिचारीचा," म्हणाले आणि पुढं कंसात 'आई' लिहून मोकळे झाले. त्या न बघितलेल्या बापाबद्दल त्यांना खरंच वाईट वाटलं होतं.

इंग्रजी त्यांना बोलता येई, लिहिता येत नसे. त्यामुळे स्टेशनला पत्रं लिहायचं काम माझ्याकडे आलं. पत्र लिहिलं की ते लोक छापील यादी पाठवीत, पण तीत पहिले दहाच असत. बाकीची नावं तात्या रेडिओवर ऐकून टिपून घेत. एका वर्षी शेवटच्या नंबरच्या गायिकेचं गाणं संपलं, नाव सांगायला लागले आणि रेडिओत नुसती खरखर झाली. तिला कुणी एकही मत दिलं नव्हतं, म्हणून गाणं पुन्हा लागलंही नाही. तिच्या कार्डावर देश होता, गाणं होतं, नंबर होता. नावाची जागा कोरी. त्यातून तात्यांना ऐकू कमी येत चाललेलं. "पयल्या नंबरवालीचं नाव सगळं जग लिवतंय," ते म्हणायचे. "हिचं आपन नाय लिवलं तर कोन लिवनार? कान हायत तवर कळाया पायजे, बाई."

त्यांनी मजकूर सांगितला: तिचं नाव, बापाचं नाव नि गाव कळवा. मी तेव्हा बावीस वर्षांची आणि शहाणपण उतू चाललेलं. परक्या देशातल्या स्टेशनला हरलेल्या बाईच्या बापाचं नाव विचारायचं? माझी मलाच लाज वाटली. मी आपलं छानसं पत्र लिहून पहिल्या आलेल्या गायिकेचा सहीचा फोटो मागवला. तो आलाही. मोठ्या तोऱ्यात मी तो तात्यांपुढं धरला. खालचं छापील नाव त्यांनी अक्षर अक्षर लावून वाचलं.

"ही नाय. ही पयली."

मी काय केलं ते मग सांगावंच लागलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, "माजं लिवायचं नसंल तर तसं सांगा. दुसऱ्याकडून लिवून घेईन. पन माज्या नावावर तुमचं लिवू नका."

इतकी वर्षं झाली, तात्या गेले, काकी गेल्या, पण ते वाक्य आठवलं की अजून मान खाली जाते. त्यांनी मला खोली सोडायला लावली नाही. दुसऱ्या दिवशी काकींबरोबर भाकरी पाठवली आणि संध्याकाळी कागद. त्या दोन्हींबद्दल मी त्यांची जन्माची ऋणी आहे. ते पत्र मी त्यांच्या शब्दांत लिहिलं. बापाचं नाव विचारलं, गावही विचारलं.

उत्तर आठ महिने आलं नाही. तेवढ्या काळात तात्या आधी रेडिओला कान लावून बसू लागले, मग काकी आवाज वाढवू लागल्या, मग रेडिओ लागेनासाच झाला. रोज पोस्टमन दिसला की तात्या त्याच्या तोंडाकडे बघत, कारण साध्या आवाजातलं बोलणं आता ओठांवरूनच कळायचं.

पाकीट आलं ते स्टेशनकडून नव्हे, त्या बाईकडूनच. स्टेशननं आमचं पत्र तिच्या देशात धाडलं होतं आणि तिथून ते फिरत फिरत तिच्या घरी पोचलं होतं. मी अंगणात उभी राहून मराठीत, घसा फाडून वाचलं. शेजारणी कामं टाकून कुंपणाशी आल्या. तिनं नाव लिहिलं होतं. बाप होड्या बांधायचा, त्याचं नाव लिहिलं होतं. गाव लिहिलं होतं. त्या वर्षानंतर ती कधी गायली नव्हती. चपलांच्या दुकानात कामाला होती. आपण त्या स्पर्धेत गायलो हे तिनं पोरांनासुद्धा सांगितलं नव्हतं. आमचं पत्र तिनं त्यांना जेवताना वाचून दाखवलं.

तात्यांनी कार्ड स्वतः भरलं. प्रत्येक अक्षर मला दाखवून खात्री करून घेतली. शाई वाळेपर्यंत कार्ड हातातच धरून बसले, मग म्हणाले, "हिला उत्तर लिवा."

"काय लिहू?" मी ओरडून विचारलं.

"लिवा, गानं चांगलं व्हतं. येकदाच ऐकलं, पन चांगलं व्हतं."

मी तेवढंच लिहिलं. पदरचा एक शब्दही घातला नाही.