गॅरेजचा माळा

कोपरीतले गॅरेजवाले काका बोलताना एक हात बॉनेटवर ठेवतात, आजाऱ्याच्या कपाळावर ठेवावा तसा.

त्यांच्याकडून मी हट्टाने रेसिंगचा सायलेन्सर बसवून घेतलेला. "जुना भंगारात टाका," म्हणालो. ते एवढंच बोलले, "गाडीच्या कम्प्युटरला विचारलंत काय?"

चार दिवस मी नव्या आवाजावर खूश होतो. मग डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला. काकांनी लॅपटॉप जोडून बघितलं.

"जुन्यात धूर साफ करायची जाळी होती. ती गेली, हे कम्प्युटरला कळलंय."

"मग दिवा तेवढा बंद करा ना. माजिवड्याला दोन मिनिटांत करून देतात."

"तिकडं जा मग. गाडी खरं सांगतेय. मी तिचं तोंड नाय दाबणार."

मी चिडून किल्ली उचलली. त्यांनी अडवलं नाही. शिडी लावून माळ्यावरून गोणपाटात बांधलेला माझा जुना सायलेन्सर खाली आणला. गंजू नये म्हणून तेल लावून ठेवलेला. वर चिठ्ठी, तिच्यावर माझ्या गाडीचा नंबर आणि दोन शब्द : 'परत येतील.'

माळ्यावर तशी आणखी बरीच गाठोडी होती.

मी किल्ली त्यांच्या हातात दिली.