खदानीतली देवी आणि नागपूरचे साहेब

दुर्गजवळच्या नव्या कारखान्याच्या बांधकामाला लागणारा मुरूम जुनवानीकडच्या खदानीतून जायचा. तिथं मी हजेरीबाबू होतो. एका सकाळी एका रेजेची, म्हणजे खदानीवरच्या छत्तीसगढी मजूरबाईची, कुदळ दगडावर खणकन वाजली. तिनं हातानं माती सारली, तर खाली देवीचा चेहरा.

"महतारी आय, मैं नइ खनंव," म्हणत ती तिथंच बसली. आई आहे, मी खणणार नाही.

फोरमन भंडाऱ्याकडचा, तोंडाचा फाटका. मला तो मुळीच आवडत नसे. मागं ट्रकांची रांग, भोंगे चालू. आता हा बाईला हाकलणार, असं वाटलं. पण त्यानं वाकून पाहिलं आणि डोझर बंद करायला लावला.

"मुरूम तिकडून काढा रे! बाबू, नागपूरले पुरातत्त्ववाल्याइले चिठ्ठी लिव."

आठ दिवसांनी साहेब आले, त्यांनी मूर्तीभोवतीची माती काढवली. देवीचा डावा हात कोपरापासून नव्हता. ते पाहताच भडकले.

"तुम्हा खदानवाल्यांना फोडण्याशिवाय काही येतं का? हिनंच कुदळ घातली असणार!"

रेजेला मराठी कळत नव्हती, पण रोखलेलं बोट कळलं. ती मागं सरली. माझं डोकं सणकलं.

"साहेब, तुटलेली जागा तरी बघा. नवी असती तर पांढरी दिसली असती. ही काळी पडलीय."

"मला शिकवू नका. तुम्ही हजेरी लिहा."

तेवढ्यात फोरमन पुढं आला. "कावून जी, इथं मूर्ती हाय हे तुमाले मालूम तरी होतं का? आमी खोदलं म्हून भेटली. या बाईनं हात आवरला म्हून वाचली. पयले तिची माफी मांगा, मंग क्रेन देतो."

साहेबांनी माफी मागितली नाही. दुपारभर ते झाडाखाली एकटे बसले. त्यांना पाणीसुद्धा कुणी विचारलं नाही, मीही नाही. शेवटी रेजाच फोरमनला म्हणाली, देवी उन्हात पडली आहे, उचला. तेव्हा कुठं क्रेन आली. ट्रकमध्ये आम्ही भाताच्या तणसाची गादी केली. मूर्ती हलू नये म्हणून रेजा तिला धरून दुर्ग स्टेशनापर्यंत गेली. साहेब ड्रायव्हरशेजारी बसले, एकदाही मागं वळले नाहीत.

महिन्याभरानं त्यांच्या अहवालाची नक्कल ऑफिसात आली. 'हात खाणकामात भंगला,' असं लिहिलं होतं. रेजेचा उल्लेखच नव्हता. मी त्यावर लाल शाईनं 'खोटं' लिहून नक्कल परत पाठवली. माझी बदली चरोद्याच्या गोदामात झाली. त्याचं मला आजही वाईट वाटत नाही.