कुपीतल्या पेशी

आग्नेल तुस्कानोला जगात दोन गोष्टींबद्दल आदर होता. कांद्याच्या मुळाचं टोक आणि स्वतःची नजर. बाकीचं जग त्याच्या मते बिनडोक होतं, आणि तसं तो जगाला तोंडावर सांगत असे.

वसईतल्या एका कॉलेजात जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत तो परिचर होता. एकतीस वर्षं. स्वतः बारावी नापास. बाटलीच्या तोंडावर कांदा बसवायचा, बूड पाण्याला टेकवायचं. तिसऱ्या दिवशी पांढरी मुळं सुटतात. ती सकाळी आठ-साडेआठला कापायची, कारण पेशी विभागताना सापडायला ती वेळ बरी. मग आम्लात ऊब द्यायची, लाल रंग चढवायचा, काचेवर ठेवून वरून अंगठ्यानं दाबायचं. दाब कमी पडला तर ढीग दिसतो. जास्त झाला तर चटणी. आग्नेलचा अंगठा चुकत नसे. त्याच्या काचेवर गुणसूत्रं दोऱ्यांसारखी स्पष्ट दिसत. एका पेशीत मधोमध रांग धरून उभी. दुसरीत दोन टोकांना ओढली जाणारी. तिसरीत मध्ये भिंत पडून एकीच्या दोन झालेल्या.

प्राध्यापक ते बघत नसत. ते पुस्तकातली आकृती फळ्यावर काढत आणि मुलं फळ्यावरची वहीत. मीरा मॅडम एम.एस्सी. झालेल्या, पण त्यांच्या अंगठ्याखाली दर वेळी चटणी. “पदवी अंगठ्यापर्यंत उतरली नाही,” असं तो त्यांना भर वर्गात म्हणाला होता. तेव्हापासून मॅडम त्याच्याशी कामापुरतं बोलत.

लग्न त्यानं केलं नाही. तीन मुली पाहिल्या. एक फार हसत होती, दुसरी हसतच नव्हती, तिसरीनं विचारलं की दिवसभर कांदेच का. उमेळ्याला धाकटा भाऊ मायकल आणि त्याची बायको सालोमी यांच्यासोबत तो राहत होता. केळीची वाडी मायकल बघायचा.

दोन हजार चारच्या मे महिन्यात मायकल नारळ पाडताना माडावरून पडला. कमरेखालचं सगळं गेलं. मुंबईच्या मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी सांगितलं की पाठीच्या कण्यातली मज्जारज्जू तुटली आहे, यावर औषध नाही. सालोमीनं ते ऐकून घेतलं. मानलं नाही.

पुढच्या दोन वर्षांत वर्तमानपत्रं स्टेम सेलनं भरून गेली. डोळे येणार, पाय येणार, म्हातारपण जाणार. त्याच सुमारास स्टेशनजवळच्या एका नव्या इमारतीत एक डॉक्टर दवाखाना मांडून बसला. आग्नेलनं त्याचं नाव कधी घेतलं नाही. त्याला तो कोटवाला म्हणे, कारण मे महिन्यातही त्याच्या अंगात कोट असे. कोटवाला घरी आला, मायकलचे तळवे चाचपले आणि म्हणाला, तीन इंजेक्शनं, मग बघा. पेशी परदेशातून येतील, थर्माकोलच्या पेटीत, बर्फात. त्या थेट घरी येतील आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो येऊन टोचेल.

आग्नेलनं विचारलं की कसल्या पेशी, कुणाच्या, आणि त्यातल्या जिवंत किती.

“आपण डॉक्टर आहात का?” कोटवाल्यानं विचारलं.

“नाही. मी कांदे कापतो.”

कोटवाला हसला. सालोमीही हसली. आग्नेलला ते लागलं, पण त्यानं लागल्याचं दाखवलं नाही. नंतर सालोमीला तो केळीच्या भाषेत बोलला. खांब कापला तरी जमिनीतला गड्डा राहतो, म्हणून बाजूला मुनवा, म्हणजे नवा कोंब, येतो. स्टेम सेल म्हणजे तो गड्डा. एकीच्या दोन होतात, एक गड्डाच राहते, दुसरी पान होते नाहीतर घड. रक्ताला असा गड्डा आहे, हाडांच्या पोकळीत. कातडीला आहे. मज्जारज्जूला असा गड्डा नाही. म्हणून बोट कापलं तर भरून येतं आणि मायकलची पाठ येत नाही.

“मग बाहेरून गड्डा आणून लावतायत ना,” सालोमी म्हणाली. तिनं त्याचंच उदाहरण त्याच्यावर उलटवलं, हेही त्याला आवडलं नाही.

पहिली पेटी आली. सालोमीनं कुपी बर्फातून काढली आणि घरातल्या आल्तारावर, मारियेच्या पायाशी ठेवली. मेणबत्ती लावली. शेजारच्या बायका बोलावून अख्खी रोजरी म्हटली. तास-सव्वा तास कुपी उकाड्यात मेणबत्तीशेजारी उभी होती. आग्नेल कॉलेजातून आला तेव्हा बायका चहा पीत होत्या.

सकाळी कोटवाल्यानं इंजेक्शन दिलं. तळाशी राहिलेले दोन-चार थेंब कुपीसकट आग्नेलनं मासळीच्या बर्फात घालून कॉलेजात नेले. काचेवर थेंब, त्यात निळ्या रंगाचा थेंब. जिवंत पेशी या रंगाला सहज दाद देत नाही, मेलेली पिऊन बसते. काचेवर पेशी मोजक्या होत्या. एकूण एक निळ्या.

तो घरी आला तो नाचतच. आपण बरोबर होतो, हे सांगायला त्याला उंबरठा ओलांडायचाही धीर नव्हता. मढी टोचलीत नवऱ्याला, असं तो सालोमीला म्हणाला. वर हेही म्हणाला, की पेशींना काय मेणबत्ती दाखवायची असते, तुम्हा लोकांना कधी अक्कल येणार.

सालोमी पांढरी पडली. तिनं अर्धंच ऐकलं होतं. तिनं कोटवाल्याला फोन केला. रडत आल्ताराचं सांगितलं. कोटवाल्याला आयतं कारण मिळालं. बर्फातून काढल्या म्हणूनच मेल्या, तो म्हणाला. आता पुन्हा पहिल्यापासून तीन.

म्हणजे मायकल उठला नाही तर दोष सालोमीचा. हे आग्नेलच्या जिभेनं केलं होतं. ते त्याच्या लक्षात यायला दोन दिवस लागले. नव्या तीन इंजेक्शनांसाठी वाडीचा उरलेला शेवटचा तुकडा बिल्डरला द्यायचं सालोमीनं ठरवलं तेव्हा. शनिवारी दुपारी सह्या होत्या. वाडी गेली की आग्नेलच्या पगाराशिवाय घराला दुसरं उत्पन्न नव्हतं.

आग्नेलनं पुन्हा समजावलं. मूर्ख, ठग, गाढव हे त्याचे नेहमीचे शब्द त्यात आलेच.

“भावजी,” ती म्हणाली, “तुम्ही फादरला मूर्ख म्हणता. मास्तरांना म्हणता. माझ्या बापाला त्याच्या मयतीत म्हणालात. डॉक्टरला म्हणालात तर त्यात नवं काय ते मी कशी ओळखू?”

त्याच्यापाशी दाखवायला फक्त काच होती. त्यानं विनंती केली. आयुष्यातली बहुधा पहिलीच. शुक्रवारी नवी पेटी येईल ती उघडायची नाही. कोटवाल्याला संध्याकाळी यायला सांगायचं, पेटी शनिवारी सकाळी तशीच कॉलेजात आणायची आणि स्वतः बघायचं. येताना फुग्यांच्या, म्हणजे तळलेल्या गोल पावांच्या, पिठात ते फुगावं म्हणून घालायला आणलेली माडी बाटलीभर आणायची.

शनिवारी प्रयोगशाळेची किल्ली मीरा मॅडमकडे असे. किल्लीसाठी तो त्यांच्या दारात जाऊन उभा राहिला आणि सगळं सांगितलं. मॅडम चपला घालून निघाल्या. वाटेत एवढंच म्हणाल्या, “माझ्या अंगठ्याला जमेल ना, आग्नेल?” तो खाली बघत चालला.

सालोमीनं पेटी मांडीवर घेऊन रिक्षातून आणली होती. चिकटपट्टी जशीच्या तशी. सुरुवातीला तिला भिंगातून स्वतःच्या पापण्याच दिसल्या. मग माडीचा थेंब दिसला. त्यात किण्वाच्या, म्हणजे यीस्टच्या, बारीक गोल पेशी, अंगाला दुसरी इवली पेशी फुटलेल्या. निळा रंग सोडला तरी बहुतेक स्वच्छच राहिल्या. दुसऱ्या काचेवर तीच माडी, उकळून गार केलेली. तिथे सगळं निळं.

“ही मेलेली,” आग्नेल म्हणाला. पुढे काही जोडलं नाही. जोडू नये म्हणून त्यानं टेबलाची कड धरून ठेवली होती.

मग त्यानं पेटी फोडली. बर्फ शाबूत होता. सुईनं रबरी बुचातून एक थेंब काढला, रंग घातला, भिंग नीट केलं आणि बाजूला झाला.

“आधी मॅडमना बघू दे,” सालोमी म्हणाली.

मॅडम बराच वेळ बघत राहिल्या. काच सरकवून पुन्हा बघितलं. “निळ्या आहेत,” त्या म्हणाल्या. “सगळ्या. आणि आहेत त्याही अगदी थोड्या.”

सालोमीनं डोळा लावला. उठली तेव्हा तिनं विचारलं, “ही पेटी मी उघडली नव्हती ना?”

“नाही,” आग्नेल म्हणाला.

“मग त्या दिवशीच्याही मी मारल्या नाहीत.”

पहिल्या कुपीचं त्याला माहीत नव्हतं. उकाड्यात तासभर ठेवल्यावर कोण कशानं मेलं, हे कोणती काच सांगणार. आपण पाहिलं नाही ते बोलायचं नाही, हा त्याचा एकतीस वर्षांचा नियम होता, आणि त्याच नियमाच्या जोरावर तो अर्ध्या वसईला तुच्छ लेखत आला होता.

“नाही,” तो म्हणाला. “तू नाही मारल्यास.”

मीरा मॅडमनी त्याच्याकडे पाहिलं.

सालोमी सह्या करायला गेली नाही. कोटवाल्यानं फोनवर आवाज चढवला. कॉलेजचे कांदेवाले आता पेशी तपासणार का, म्हणाला. तिनं त्याला सांगितलं की पेटी परत न्या, आतलं निळं झालंय. मग ती आग्नेलला म्हणाली, मायकलला तुम्ही सांगा. मी दोन वर्षं त्याला उठणार उठणार म्हणत आलेय, माझ्या तोंडून हे निघणार नाही.

मायकल खिडकीकडे मान वळवून उताणा पडला होता. आग्नेल खुर्ची ओढून बसला. तो बोलायच्या आधीच मायकल म्हणाला की काल पायाच्या अंगठ्यात मुंग्या आल्यासारख्या वाटल्या. पहिल्या इंजेक्शनाचा गुण असेल.

यावर बोलायला आग्नेलपाशी एरवी दहा वाक्यं असती. त्यानं सगळं पहिल्यापासून सांगितलं. कुपी, रंग, काच. कुणालाही मूर्ख म्हटलं नाही. मूर्ख म्हणायला समोर कुणी नव्हतंच. भाऊ होता.

“म्हणजे मी असाच,” मायकल म्हणाला.

“हो.”

“दुसरं इंजेक्शन होईपर्यंत थांबला असतास तर काय बिघडलं असतं? तेवढे दिवस बरे गेले असते.”

“वाडी गेली असती.”

“वाडी,” मायकल म्हणाला. मग म्हणाला की पाठ दुखतेय, कुशीवर वळव. हे काम रोज सालोमी करायची. आग्नेल उठला. त्यानं दोन्ही हात मायकलच्या पाठीखाली घातले आणि उचलायला गेला. काही जमलं नाही. चादर तेवढी गोळा झाली.

“असं नाही रे, गाढवा,” मायकल म्हणाला. “आधी माझा गुडघा दुमड. मग खांदा धर.”

आग्नेलनं गुडघा दुमडला.